तिऱ्हाईत विमा

रविवार, ३ मार्च

मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिची गाडी माझ्या गळ्यात पडली. विकू नका, चालवा, असे सांगून तिने गाडी माझ्या नावावर केली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि निघून गेली. परवाना माझ्याकडे आहे. तो दुसऱ्या खेपेला मिळाला, कारण पहिल्या खेपेला परीक्षक घाईत होता. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्याचा जन्म गेला, तो स्वतः सहसा चुकत नाही. हे मी हिला सांगितले. ही म्हणाली, "गाडीला मागचं दिसायला आरसे असतात, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

गाडी अंगणात ठेवायची तर जागेचा प्रश्न आला. आमचे घर वडिलांनी बांधलेले, बैठे. मधोमध कापले तर दोन सारखे भाग होतात. उजवीकडे आम्ही राहतो आणि डावीकडे पलीकडचे. जन्माच्या दाखल्याप्रमाणे ते माझे सख्खे थोरले भाऊ आहेत, पण आमचे बोलणे कित्येक वर्षे बंद असल्यामुळे या वहीत मी त्यांना पलीकडचे असेच म्हणणार आहे. वडिलांच्या मागे घराची वाटणी करायचे ठरले. आधी अंगणात भिंत उभी राहिली आणि मग भिंतीखालची हातभर जागा कोणाची यावरून असे वाजले की वाटणीचा कागद काही झालाच नाही. ते म्हणतात भिंत त्यांची. भिंत माझी आहे.

या भिंतीमुळे आमच्या वाट्याला जे अंगण आले आहे त्यात गाडी आत येते, पण वळत नाही. बाहेर काढताना उलटीच काढावी लागते आणि तेही तिरकी. ठीक आहे. जमेल.

मंगळवार, ५ मार्च

गाडीचा विमा या महिन्यात संपतो, म्हणून मेव्हणा आला होता. मेव्हणा म्हणजे हिचा मावसभाऊ, विम्याचा एजंट. कोणी आजारी आहे म्हणून भेटायला गेला तरी याच्या खिशातून कागद निघतो. त्याने टेबलावरचे कप-बशा सरकवून मला विम्याचे प्रकार समजावले.

पहिला थर्ड पार्टी. हा कायद्याने घ्यावाच लागतो. माझ्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याचे काही मोडले, तर कंपनी भरून देते. त्यात माझ्या गाडीचा चुराडा झाला तर कंपनी हळहळते, बाकी काही करत नाही. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचे नुकसान: धडक, आग, पूर, चोरी. तिसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे हे दोन्ही एकत्र बांधलेले. त्यावर पुन्हा वरची कलमे हवी तशी लावून घ्यायची. झिरो डेप म्हणून एक आहे. एरवी मोडलेला भाग बदलताना तो जुना झाला होता म्हणून कंपनी पैसे कापते, हे कलम घेतले की कापत नाही. अशी सोय माणसांसाठी आहे का, असे मी विचारले. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुमचा हप्ता नाही परवडायचा."

शेवटी नो क्लेम बोनस. वर्षभर काही मागितले नाही तर पुढच्या वर्षी सवलत. हे ऐकल्यावर ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. का ते कळले नाही.

माहितीपत्रकात थर्ड पार्टीला ‘त्रयस्थ पक्ष’ असे छापले आहे. मी तिथेच पेन्सिलने खूण केली. त्रयस्थ हा लांब उभा राहून बघणारा माणूस असतो, त्याचे काही मोडत नाही. इथे हवा तो शब्द तिऱ्हाईत. एक मी, दुसरी कंपनी, आणि ज्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही तो तिसरा, तिऱ्हाईत. मेव्हण्याला हे फार आवडले असे दिसले नाही. तो म्हणाला, शब्द कोणताही घ्या पण पॉलिसी घ्या.

शनिवार, ९ मार्च

मुलीचा फोन आला. कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या, तुम्ही नवीन आहात, असा तिचा हेका. मी तिला शांतपणे समजावले की ओन डॅमेज घेणे म्हणजे मी स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करीन असे आधीच लिहून देणे. माझ्यासारख्या सावध माणसाने असे का लिहून द्यावे. धोका असतो तो इतरांना, कारण इतर लोक रस्त्यात कुठेही उभे असतात. म्हणून फक्त तिऱ्हाईत विमा घेतला. मेव्हण्याने हताशपणे सही घेतली.

ही म्हणाली, वाचलेले पैसे वेगळे ठेवा, लागतील. हिचा माझ्यावर विश्वास कमीच.

बुधवार, २० मार्च

रोज पहाटे, रस्ता मोकळा असताना, सराव करतो. पुढे जाण्यात आता मला कोणी हरवू शकणार नाही. मागे येण्याचे थोडे बाकी आहे. ‘डावीकडे फिरवले की मागचे उजवीकडे जाते’ की उलट, हे बसल्या जागी नीट कळते, पण गाडी हलली की गोंधळ होतो.

पलीकडच्यांच्या शेडमधून सारखी पंख्यांची घरघर येते. वीजमंडळातून निवृत्त झाल्यापासून ते लोकांचे टेबलफॅन दुरुस्त करतात. भिंतीला टेकूनच पत्र्याची शेड टाकली आहे, म्हणजे माझ्या भिंतीला. आज आरशात बघायचे सोडून मी त्या आवाजाकडेच लक्ष देत होतो. एक पंखा दर फेरीला टक करत होता आणि मधेच ते टकटकणे थांबले. सापडला असणार दोष. हात चांगला आहे, ते नाकारता येत नाही.

मोरीच्या बाजूला भिंतीची एक वीट केव्हाची निखळली आहे. गवंडी बोलाव म्हणून मी हिला कितीदा सांगितले. ही म्हणते, गवंडी येतच नाही. पलीकडच्यांचा गुडघा दुखतो, वहिनींनी चष्मा बदलला, त्यांच्याकडे गॅस संपला होता, असल्या बातम्या हिला कुठून कळतात देव जाणे.

रविवार, २४ मार्च

झाले ते लिहून ठेवतो.

सकाळी दहाच्या सुमारास गाडी बाहेर काढत होतो. ही मागे उभी राहून सांगत होती. ती "बस, बस" म्हणाली. मी बसलेलोच होतो. मग ती जोरात "बस" म्हणाली, तेव्हा मला वाटले आणखी काही तरी हवे आहे, आणि पाय पडला तो ब्रेकवर पडला नाही. गाडी तिरकी मागे गेली ती भिंतीतून आरपार. विटा, पत्रे आणि पंखे, सगळे एकदमच खाली आले. मागची काच फुटून माझ्या सीटपर्यंत उडाली. धूळ खाली बसली तेव्हा गाडीचे मागचे तोंड दादाच्या शेडमध्ये होते आणि दादाचे स्टूल माझ्या चाकाखाली.

स्टुलावर कोणी नव्हते. वहिनींनी चहाला हाक मारली म्हणून तो मिनिटापूर्वीच उठला होता.

मला गाडीतून उतरता येईना. तो कप हातात घेऊन दारात उभा होता. आधी त्याने माझ्याकडे पाहिले, मग स्टुलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वहिनी आणि ही धावत आल्या आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले.

तो चहाला उठला नसता तर. हे वाक्य मी आता पुन्हा लिहिणार नाही, दिवसभर तेच डोक्यात फिरते आहे.

(वरती ‘दादा’ असे पडले आहे. गडबडीत लिहिले. खोडत नाही, वहीत खाडाखोड मला आवडत नाही.)

सोमवार, २५ मार्च

मेव्हणा आला आणि आधी गाडीभोवती फिरून आला. बंपर, दिवे, काच, डिकीचे झाकण, हे सगळे माझ्या खिशातून जाणार. ओन डॅमेज घेतले असते तर, असे तो म्हणाला नाही, पण त्याने तोंडच तसे केले. बाकी धीर धरा म्हणाला. भिंत आणि शेड दुसऱ्याची. म्हणजे थर्ड पार्टी. कंपनी नवी बांधून देईल. कंपनीचा माणूस शनिवारी पाहणीला येईल.

माझा जीव भांड्यात पडला. पलीकडच्यांचे एवढे नुकसान माझ्या डोक्यावर राहिले असते तर मला मान वर करता आली नसती. आता सगळे नियमाप्रमाणे होईल, त्यांना त्यांचे मिळेल आणि मला त्यांच्याकडे जावे लागणार नाही. तिऱ्हाईत विमा घेतला तो किती विचार करून घेतला होता, हे मी हिला दाखवून दिले.

ही मोरीपाशी उभी राहून पडलेल्या भिंतीकडे बघत होती. मी विचारले, काय झाले. ती म्हणाली, "एवढी सगळी कशाला पाडलीत. एक वीट पुरत होती." धक्क्याने माणूस काहीही बोलतो.

गुरुवार, २८ मार्च

घोडे अडले. मेव्हण्याने आज कागद नीट वाचला. तिऱ्हाईताच्या वस्तूचे पैसे मिळतात, पण ती वस्तू खरोखर तिऱ्हाईताचीच हवी. विमा घेणाऱ्याची स्वतःची किंवा सामाईक मालकीची वस्तू मोडली तर एक छदामही नाही. कोणी आपल्याच घराला धडक मारून कंपनीकडून नवे घर बांधून घेऊ नये म्हणून हा नियम. आणि आमचे घर कागदोपत्री अजून दोघांच्या नावावर. अंगण सामाईक, म्हणजे अंगणातली भिंतही सामाईक.

मेव्हण्याने तोड काढली. तोंडी वाटणीही धरतात, म्हणाला, दोघांनी कबूल केली तर. कंपनीच्या माणसासमोर मी सांगायचे की भिंत, शेड आणि खालची जागा थोरल्या भावाची, माझा त्यावर कसलाही हक्क नाही. त्यांनी सांगायचे की होय, माझी आहे. दोघांचे एकच बोलणे आले की काम झाले.

"म्हणजे भिंत त्यांची असं मी माझ्या तोंडाने म्हणायचं?" मी विचारले.

"पैसे हवेत ना भाऊजी," मेव्हणा म्हणाला.

ज्या भिंतीवरून मी इतकी वर्षे भावाचे तोंड पाहिले नाही ती आता त्याच्या पदरात घालायची, तीही पडल्यावर. जेवण गेले नाही. पण त्या मोडक्या शेडमध्ये तो गुडघा धरून पाती वेचताना दुपारी दिसला आणि म्हटले, जाऊ दे, म्हणतो. मेव्हणा पलीकडे जाऊन त्यांना समजावून आला. ते काय म्हणाले, असे विचारले तर म्हणाला, ऐकून घेतलं.

त्यांना काय अवघड आहे. त्यांना तर जन्मभर जे म्हणत आले तेच पुन्हा म्हणायचे आहे.

शनिवार, ३० मार्च

कंपनीचा माणूस सकाळी आला. सज्जन वाटला, बोलायला मोजका. फोटो काढले, फीत लावून मापे घेतली. आम्ही सगळे विटांच्या ढिगाऱ्याभोवती उभे होतो, ते तिकडून, आम्ही इकडून. आधी मला विचारले. मी घसा साफ करून पाठ केलेले म्हणालो की ही भिंत, ही शेड आणि ही जागा संपूर्णपणे या गृहस्थांची आहे. म्हणताना आवाज जरा चिरकला, पण म्हणालो. मेव्हण्याने मान डोलावली.

मग त्याने पलीकडच्यांना विचारले, भिंत कोणाची. ते ढिगाऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमची."

कंपनीच्या माणसाने विचारले, आमची म्हणजे तुमची आणि बाईंची का. मेव्हणा मागून हो म्हणा, हो म्हणा अशा खुणा करत होता. ते माझ्याकडे वळले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे बघून काही विचारले.

"आपली. ना रे?"

मी मुद्रितशोधक आहे. ‘आमची’ आणि ‘आपली’ यांतला फरक मी जन्मभर लोकांना लाल शाईने शिकवला आहे. आमची म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, आपली म्हटले की तो आत येतो. एका शब्दाने मला आत घेतले आणि दावा बुडवला. कंपनीच्या माणसाने विचारले, वाटणी झालेली आहे का. मी नाही म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो, तो माझ्याकडे बघत होता ना.

कंपनीच्या माणसाने फीत गुंडाळली. म्हणाला, सामाईक मालमत्ता, हे बसत नाही. पंखे मात्र गिऱ्हाइकांचे आहेत, तिऱ्हाईतांचे, त्यांचे पैसे मिळतील.

सगळे गेल्यावर माझा संताप अनावर झाला. मुद्दाम केले, दुसरे काही नाही. इतकी वर्षे भिंत माझी, भिंत माझी, आणि ज्या दिवशी मी मान्य करायला तयार झालो त्या दिवशी आपली. मी हो म्हटले की यांचे नाही ठरलेलेच, लहानपणापासून. हिला तसे बोललो. ही पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती ते समजले नाही.

रविवार, ३१ मार्च

काल रागात लिहिले ते आज वाचले. भाषा शुद्ध आहे, पण हिशेब जुळत नाही. माझा दावा बुडवायचा म्हणून बोलले असे धरले, तर बुडाले ते त्यांचेच. शेड त्यांची, उभी राहिली असती ती त्यांची. नुसते ‘माझी’ म्हणायचे, की झाले. स्वतःचे एवढे नुकसान कोण करून घेतो? विम्याच्या कोणत्याच प्रकारात हे बसत नाही.

हिला विचारले. ही भांडी पुसत होती. म्हणाली, "तुम्ही सगळ्या जगाचे शब्द तपासता. त्यांचा एक शब्द तसाच ठेवा की."

हे काही उत्तर झाले नाही.

मंगळवार, २ एप्रिल

मेव्हणा पंख्यांच्या दाव्याचा कागद घेऊन आला. तो घेऊन पलीकडे मलाच जावे लागले, कारण मेव्हण्याचे म्हणणे असे की तो आता त्या माणसापुढे जाणार नाही, त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो माणूस धोकादायक आहे. भिंत नव्हतीच, त्यामुळे फाटकातून फिरून जाण्याचे कारण उरले नव्हते. विटांवरून चालत गेलो. या अंगणातून त्या अंगणात इतक्या कमी वेळात पोचता येते हे मी विसरलो होतो.

दादा पायरीवर बसून पाती पुसत होता. (दादा असेच लिहितो. पलीकडचे लिहायला आता मधे काही नाही.) कागद पुढे केला. त्याने वाचला, माझ्याकडे परत दिला आणि एकेक पंखा लावून दाखवला. सगळे फिरत होते. पाती ठोकून सरळ केली होती, जाळ्या बसवल्या होत्या. चालू पंख्याचे पैसे कसे मागायचे, एवढेच म्हणाला. एका पंख्याची मान अजून वाकडी आहे, तो फिरतो पण भिंत होती तिकडेच बघतो. त्याचाही उपाय सापडेल म्हणाला.

मी शेडचे पैसे देतो असे बोलायला तोंड उघडले तर त्याने तोच पंखा जोरात सोडला. माझे बोलणे मलाच ऐकू आले नाही. वहिनींनी चहा दिला, तो प्यालो आणि आलो.

म्हणजे कंपनीकडून काहीच मिळाले नाही. मेव्हणा म्हणतो, तुमच्या घराण्याला विमा विकणे म्हणजे दगडावर डोके आपटणे आहे.

रविवार, ७ एप्रिल

गाडी दुरुस्त होऊन आली. वेगळे ठेवलेले पैसे लागले. याबद्दल ही एक अक्षर बोलली नाही, याचा मला जास्त त्रास झाला.

दुपारी गाडी बाहेर काढायची होती. ही आता मागे उभी राहायला तयार नाही, म्हणते मला दोन शब्द येत होते, त्यांतला एक तुम्ही वापरून टाकलात. मी एकटाच बसलो. इंजिन सुरू केले आणि आरशात दादा दिसला. तो शेडच्या जागेवरून उठून गाडीच्या मागे येऊन उभा राहिला. उरलेले पंखे वाचवायला आला असेल. त्याने हात वर केला आणि वीजमंडळाची गाडी खांबाला लावताना ओरडत असेल त्या आवाजात म्हणाला, "येऊ दे."

मी येऊ दिली. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे दे थोडी, अरे डावीकडे, जेवायचा हात नाही, दुसरा. येऊ दे. थांब." गाडी फाटकातून कुठेही न घासता बाहेर पडली. तो आत निघून गेला.

संध्याकाळी आत आणताना पुन्हा आला. बोलणे असे झाले नाही. फक्त येऊ दे आणि थांब. पण हेही बोलणेच म्हणायचे का, याचा विचार करतो आहे.

रविवार, १४ एप्रिल

शेवटी कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतले. झिरो डेपसकट. मेव्हण्याने कागद भरून घेताना मी एकही शब्द सुधारला नाही, त्यावर तो म्हणाला, तब्येत बरी आहे ना.

गाडी आणखी कोण चालवणार, असे त्याने विचारले. दादा वीजमंडळाची गाडी चालवायचा, परवाना जिवंत आहे, ही बातमी हिने दिली. मी दादाचे नाव सांगितले. चालवील न चालवील, पण त्याच्या हातून काही झाले तर त्याच्यावर येऊ नये. मेव्हण्याने नाते विचारले. मी म्हटले, भाऊ. त्याने विचारले, नक्की ना, का आयत्या वेळी बदलणार. मी त्याला चहा दिला नाही.

आता भिंतीचे बघायला हवे. विटांचा ढीग तसाच आहे. मी दादाला सांगितले, माझ्या पैशाने बांधून देतो, जिथे होती तिथेच. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मला मात्र हे लवकर उरकायला हवे आहे. दुसऱ्याचे मोडून ठेवायचे आणि नुसते हात बांधून बसायचे, हे माझ्याने होत नाही. गवंड्याला शनिवारी बोलावले आहे.

खरे सांगायचे तर बोलावताना बरे वाटले नाही. भिंत नीट सरळ होईल की नाही याची काळजी असावी.

शनिवार, २० एप्रिल

गवंडी दोरी, खुंट्या आणि चुन्याची पिशवी घेऊन आला. कुठून कुठे, असे त्याने विचारले. काल विटा बाजूला रचून ठेवल्यामुळे जुना पाया दिसतच होता, मी तो दाखवला. दादा गुडघा धरत पायरीवरून उठला. मला वाटले झाले, आता हातभर जागेवरून पुन्हा सुरू होणार. ही आणि वहिनी दोघी स्वयंपाकघर सोडून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गवंडी खुंटी हातात धरून आमच्या तोंडाकडे बघत होता.

दादा म्हणाला, "आधी याच्या गाडीला वळायला किती जागा लागते ते बघू. मग रेघ मार." गवंडी म्हणाला, बघा, मला काय.

मी गाडीत बसलो. दादा मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवू लागला. येऊ दे. मी हळूहळू मागे घेतली. जुन्या पायाशी चाक आले तिथे मी थांबणार होतो, कारण आमची हद्द तिथे संपते. तो म्हणाला, येऊ दे. मागचे चाक भिंतीच्या पायावरून पलीकडे गेले, मग पुढचे गेले. येऊ दे, येऊ दे. तो एकेक पाऊल मागे सरकत होता आणि मी आरशात त्याच्याकडे बघत येत होतो. आता थांब म्हणेल, आता म्हणेल, असे मला वाटत होते. शेडची जागा गेली. मग वहिनींचा कपडे वाळत घालायचा दांडा गेला. तो थांब म्हणालाच नाही. त्याच्या पायरीला त्याची टाच लागली आणि तो तिथे बसला, तेव्हा मीच ब्रेक दाबला.

मला आरशात मागचे नीट दिसेना. काच पुसली, तरी दिसेना.

उतरलो तेव्हा गाडी सबंध त्याच्या दारात उभी होती. गवंड्याने दोरी दोन्हीकडे ताणून बघितली आणि विचारले, भिंत गाडीच्या अलीकडून घ्यायची की पलीकडून. दादा म्हणाला, गाडी तर इथे उभी आहे, आता कशी बांधणार, गाडी हलली की सांगतो. गवंडी वैतागला. गाडी हलवायची ती मीच होतो, आणि किल्ली माझ्या खिशात होती. ती मी तिथेच राहू दिली. ही गवंड्याला खेपेचे पैसे देऊन फाटकापर्यंत सोडून आली, आणि त्याचा नंबर घ्यायला विसरली. ही कधी काही विसरत नाही.

रविवार, २१ एप्रिल

आज गाडी दादाच्या दारातून काढताना त्याच्या पायरीचा कोपरा उडाला. मेव्हण्याला फोन केला नाही. पायरी आपली आहे, विम्यात बसत नाही.